टिकलीवाली दुर्बीण

गुढियारी, रायपूर
१६ नोव्हेंबर २०१५

राधिका,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. खिडकीवरची बाई म्हणाली, काका, आता पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, ज्याचा फोन पोरगी उचलत नाही तो लिहितो. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. सहावी शिकलेला माणूस मी, एका पत्राला दोन दुपारी जातात.

आधी तब्येतीचं. अंबिकापूरला थंडी जास्त आहे म्हणतात. चौकात उभं राहून गाड्या अडवायची ड्युटी, धूळ नाकातोंडात जाते, तर कान बांधत जा. खोलीत शेगडी पेटवून दार लावून झोपू नकोस. सिलेंडरची नळी किती जुनी आहे ते पाहा, नळीवर साल छापलेलं असतं. नाही दिसलं तर नवीच घे.

आता मुद्द्याचं. तुझा समज असा झाला आहे की साहेबांसमोर मी तुझ्याविरुद्ध बोललो. मी विरुद्ध बोललो नाही. त्यांनी विचारलं, "उस्ताद, आपको क्या लगता है?" मी म्हटलं, "खोलकर देखा होगा." एवढंच. चौतीस वर्षं मी पोलिसांच्या शस्त्रागारात मिस्त्री होतो. बिघडलेली चीज टेबलावर आली की आमचा पहिला विचार हाच, की कोणीतरी खोलली. दहातल्या नऊ वेळा तेच निघायचं. सवयीनं तोंडातून गेलं. त्यावर साहेब तुझ्याकडचा शस्त्रागाराचा चार्ज काढतील आणि तुला पाचव्या दिवशी अंबिकापूरला धाडतील, हे मला कसं कळावं?

आणि ती बिघडलेली दुर्बीणही तशीच होती. सप्टेंबरात तशा चार आल्या तेव्हा माझ्या हाताखाली शिकलेल्या देवीदासनं मला मुद्दाम बोलावून दाखवल्या. रायफलीवर बसवायची हातभर सुद्धा नाही अशी नळी, डोळा लावला की मधोमध लाल टिकली. टिकली जिथं, गोळी तिथं. सगळे जवान तिला टिकलीवालीच म्हणतात. मी उलटीपालटी करून पाहिली, सेल टाकायची जागा सापडेना. देवीदास म्हणाला, "उस्ताद, सेल लागतच नाही हिले. ना बटन, ना सेल." मी म्हटलं, बिनातेलाचा दिवा मला दाखवू नको. सगळे हसले. तूही हसलीस. मला ते लागलं, हे आज सांगतो.

तर मी काय म्हणतो, दुर्बीण खरोखर खोलली असशील तर मला सांग. मी कोणाला सांगणार नाही. कोणता स्क्रू फिरवला तेवढं कळलं तर मी ती तासाभरात नीट करून देईन. हत्यार-दुरुस्तीच्या त्या नागपूरच्या आर्मोरर कोर्सची यादी १५ डिसेंबरला बंद होते. चौकशी चालू असलेल्या माणसाचं नाव यादीत घेत नाहीत, आणि तुझ्या वयाला हा शेवटचा कोर्स. पुढच्या वर्षी तू वयात बसत नाहीस. मला सगळं माहीत आहे. काळजी करू नकोस, मी आहे.

तुझे बाबा
शालिग्राम

ता. क. आईनं विचारलं आहे, लोणचं पुरलं का.


गुढियारी
२५ नोव्हेंबर २०१५

राधिका,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र पोचलं एवढं पोस्टमनकडून समजलं तरी पुरे होतं, पण आता तेही कोणी सांगत नाही.

तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते. काल ताट वाढताना म्हणाली, "चौतीस वर्षं बंदुकीच्या नळ्या साफ केल्या, कधी आपलं तोंड साफ केलं नाही." मी जेवलो. भांडलो असतो तर भाजी निवली असती.

पण मी हात बांधून बसलेलो नाही. रविवारी मी देवीदासच्या घरी गेलो. तू गेल्यापासून चार्ज त्याच्याकडे आहे, बिचारा घाबरलेला आहे. त्याला मी नीट विचारलं, आणि त्यानं जे सांगितलं ते तुला ठाऊक असेल, मला नव्हतं. २४ ऑक्टोबरला चांदमारीच्या मैदानावर भर दुपारी साहेबांनी चारही दुर्बिणींतून नेम धरला. तिघींत टिकली लालभडक, चौथीत नाही. इथपर्यंत मला माहीत होतं. पण देवीदास म्हणतो, ती चौथी लाखेची मोहर लावून शस्त्रागाराच्या आतल्या खोलीत ठेवली आहे, आणि त्या अंधारात तिची टिकली दिसते. बारीक, पण दिसते. त्यानं साहेबांना सांगितलं तर साहेब म्हणाले, तुला भास होतो.

मला भास वाटत नाही. दिव्याचं असं कधी नसतं. बिघडलेला दिवा रात्रीही बिघडलेलाच असतो. जो अंधारात जळतो आणि उन्हात विझतो, तो बिघडलेला नाही. त्याचं दुसरंच काहीतरी आहे. ही गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पियुषला मी त्या दुर्बिणीचं कंपनीचं पुस्तक वाचायला लावलं. देवीदासकडून झेरॉक्स आणली. तुझा भाऊ उरल्याच्या कारखान्यातून सकाळपाळी करून आला होता, अंगावर सगळी रोलिंग मिलची काळी धूळ, म्हणाला, "पापा, नहाने तो दो." मी दिलं नाही. इंग्रजी तो वाचत गेला आणि हिंदीत मला सांगत गेला. "दिन में ऊपर जो लाल पट्टी है ना, वो बाहर का उजाला पकड़ती है. बारीक धागा है, उसी से उजाला अंदर जाता है. रात में अंदर काँच की छोटी नली है, उसमें गैस है, वो खुद चमकती है. दस-बारह साल."

म्हणजे दिवसा एक दिवा आणि रात्री दुसरा. सेल कशाला लागतोय. मी त्याला तो लाल पट्टीचा भाग तीनदा वाचायला लावला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "पापा, आपको क्या हो गया?"

मला काही झालेलं नाही. एक शंका आली आहे. ती खरी असेल तर तू काहीही खोललेलं नव्हतं. पहिल्या पत्रात मी जे विचारलं ते मागे घेतो. शंका काय ते आत्ता लिहीत नाही, कारण खात्री झाल्याशिवाय उस्तादानं बोलू नये. २४ तारखेला बोललो, त्याचं फळ पाहतोच आहे.

साहेबांची वेळ मागितली आहे. स्वेटरचं माप आईनं विचारलं आहे, बारीक झाली असशील तर तसं कळव.

बाबा


गुढियारी
३ डिसेंबर २०१५

राधिका,

जिंकलो.

काल साहेबांनी मला मैदानावर बोलावलं. देवीदास ती मोहर लावलेली दुर्बीण घेऊन आला, दहाबारा जवान आले, दुसऱ्या शाखेतले दोघे लेखनिक सुद्धा पाहायला आले होते. बुधवारचं स्वच्छ ऊन. साहेबांनी नेम धरून सगळ्यांना सांगितलं, टिकली नाही. मग मी एका डब्यात कोमट पाणी आणि शिकेकाईचा नाही, साधा कपड्याचा साबण घेतला, आणि पियुषचा जुना दात घासायचा ब्रश. लोक हसू लागले. एकजण म्हणाला, "काका मंजन कराएँगे बंदूक को." हसू दिलं.

दुर्बिणीच्या पाठीवर ती लाल पट्टी असते, खाचेत बसवलेली. मी तिथं साबण लावून हलक्या हातानं ब्रश फिरवला. पाणी नारिंगी झालं. दुसरं पाणी घेतलं, तेही नारिंगी. लालावर लाल, म्हणून इतके दिवस कोणाच्या डोळ्यांत आलं नाही. चमेलीच्या तेलात कालवलेला शेंदूर खाचेत बसून सुकला होता, अगदी रंग मारल्यासारखा. वरून उजेड आत जायचा रस्ताच बंद. रात्री आतली नळी चमकायची, तिला वरच्या रस्त्याशी काही घेणं नाही. दिवसा उन्हापुढे तिचा उजेड कुठला दिसायला.

चौथ्या पाण्याला फडक्यानं टिपून मी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी डोळा लावला. मग म्हणाले, "अरे वाह." त्यांनी देवीदासला दिली, त्यानं दुसऱ्याला. सगळ्यांनी पाहिली. साहेबांनी माझा हात हातात घेतला. राधिका, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, त्या मैदानावर कोणी माझा हात असा धरला नव्हता. साहेब म्हणाले, कंपनीच्या इंजिनिअरला दिल्लीहून बोलवायचं ठरत होतं, ते आता नको.

तेव्हा खोलण्याचा आरोप संपला. दुर्बीण खोललेली नाही हे मी बारा माणसांसमोर सिद्ध केलं. आता तुला परत बोलावतील. सामान एकदम बांधू नकोस, ऑर्डर हातात आल्यावर बांध. घरमालकाकडून चावीची पावती घे.

आईला सांगितलं तर तिनं विचारलं, "शेंदूर कोणी लावला होता, ते सांगितलं का?" मी म्हटलं, ते कोणी विचारलं नाही.

बाबा


गुढियारी
१० डिसेंबर २०१५

राधिका,

मागचं पत्र वाचलं असशील तर त्यातली शेवटची ओळ खोटी आहे. आधी ते लिहून टाकतो, मग बाकीचं.

विचारलं होतं. साहेबांनी नारिंगी पाण्याकडे बघत विचारलं, "ये सिंदूर किसने लगाया?" देवीदास जमिनीकडे बघत होता. मग साहेबच म्हणाले, "इंचार्ज ने ही लगाया होगा, पूजा तो वही करवाती है." तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता. मी हात काढून घेतला नाही आणि तोंडही उघडलं नाही.

काल संध्याकाळी देवीदास घरी आला. चहा घेतला नाही. खोलण्याचा आरोप खोडला आहे, त्या जागी नवा लिहिला आहे. प्रभारी राधिका हिनं पूजेच्या वेळी निष्काळजीपणे सरकारी उपकरणावर शेंदूर लावून ते निकामी केलं. आधी नुसता संशय होता, आता पुरावा आहे. नारिंगी पाण्याचा फोटो सुद्धा लावला आहे. आणि तो पुरावा मी दिला, साबण आणि ब्रश घेऊन.

देवीदास दारात उभा राहून म्हणाला, "उस्ताद, मी तुमच्या हाताखाली शिकलो म्हणून तवा चूप राहिलो. तिले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चौकशीत तिनं काहून सांगितलं नाही, तुम्हीच सांगा." मी त्याला जा म्हणालो. तो गेला.

आता दसऱ्याचं लिहितो. तू तिथं होतीस, तरी लिहितो, कारण मी ते आजवर स्वतःलाही पूर्ण सांगितलेलं नाही.

सतरंजीवर सगळी शस्त्रं मांडली होती. शस्त्रपूजेचा टिळा उस्तादानं लावायचा, ही त्या शस्त्रागाराची रीत, आणि माझ्यानंतर कोणी उस्ताद झाला नाही म्हणून दरवर्षी मलाच बोलावतात. नव्या हत्याराला पहिला मान. चार नव्या दुर्बिणींतली एक रायफलीसकट पाटावर ठेवली होती. बाकी सगळ्यांना मी दस्त्यावर बोट लावत आलो. पाटावरचीला अंगठ्यानं लावायचा होता. पाहतो तर तिच्या पाठीवर आधीच एक लाल रेघ. मला वाटलं, कंपनीनं टिळ्याची जागाच करून दिली आहे. खरंच तसं वाटलं, हसू नकोस. मनात म्हटलं, शहाणी माणसं दिसतात. आणि अंगठा भरून त्या रेघेवर ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाच भरेपर्यंत.

तू माझ्या डाव्या बाजूला होतीस. तू म्हणालीस, "बाबा, तिथं नका लावू, तिथून उजेड..."

मी तुला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, "तू मले शिकवून राहिली का? तुझ्या जन्माच्या आधीपासून मी टिळा लावून राहिलो." सगळ्या जवानांसमोर; साहेब तेवढे त्या दिवशी नव्हते. वर हेही म्हटलं की दसऱ्याचा टिळा दिवाळीपर्यंत जो पुसेल त्याच्या हातून हत्यार दगा देईल. हा नियम कोणत्या पोथीत नाही. माझ्या उस्तादानं मला सांगितला होता, मी तुम्हाला सांगितला. तू प्रभारी होतीस, फडक्याचा एक हात मारायचा अवकाश होता. तू मारला नाहीस, कारण मी सांगितलं होतं. दोन दिवसांनी चांदमारी झाली.

पुस्तकातली लाल पट्टी पियुषनं वाचली तेव्हाच मला सगळं आठवलं. तिसऱ्यांदा वाचून घेतली ती चुकून दुसरं काही निघतं का ते पाहायला. म्हणून मागच्या दोन पत्रांत शंका म्हणून लिहिलं ते खोटं, सिद्ध केलं म्हणून लिहिलं ते अर्धं. मला वाटलं होतं, दुर्बीण पेटली की मामला मिटेल, कोणाचं नाव यायची गरज पडणार नाही. तुझंही नाही, माझंही नाही. सगळी आयुष्यभराची इज्जत त्या शस्त्रागारातच आहे राधिका, बाहेर मला कोण ओळखतं.

यादीला पाच दिवस आहेत. घाबरू नकोस. या खेपेला मी काय करायचं ते मला पक्कं माहीत आहे.

बाबा


गुढियारी
१४ डिसेंबर २०१५

राधिका,

आज सकाळी दहाला साहेबांना भेटलो. पियुष सुट्टी टाकून बरोबर आला होता, मी त्याला बाहेर बाकावर बसवलं.

साहेबांना सगळं सांगितलं. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, उस्ताद, आप बुज़ुर्ग हैं, क्यों अपना नाम खराब करते हैं. त्यांनी मार्गही काढला. कंपनीला लिहायचं की पट्टीवर झाकण नाही, हा त्यांचा दोष. मग तुझ्यावर काही नाही, माझ्यावर काही नाही, फाइल बंद. मी विचारलं, फाइल १५ च्या आत बंद होईल? ते म्हणाले, कंपनीचं उत्तर आल्यावर. मी विचारलं, कधी येईल? म्हणाले, दोन-तीन महिने.

मी म्हटलं, मग कागद द्या.

ऑफिसातला बाबू म्हणाला, तुम्ही सांगा, मी टाइप करतो, तुम्ही सही करा. मी नाही म्हटलं. हिंदीत, माझ्या हातानं लिहिलं. पाऊण तास लागला. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल. तीन गोष्टी लिहिल्या. टिळा मी लावला. प्रभारी राधिकानं मला त्याच क्षणी अडवलं आणि कारणही सांगू लागली, मी तिला गप्प केलं. आणि पुसू नये हा हुकूमही माझा, तिनं तो पाळला.

साहेबांनी वाचून फाइलला लावायला घेतला. मी म्हटलं, साहेब, अजून एक. तिला मी सगळ्यांसमोर गप्प केलं होतं, तर हे सगळ्यांसमोर वाचू द्या. ते म्हणाले, त्याची गरज नाही. मी म्हटलं, तुम्हाला नसेल.

शस्त्रागारापुढच्या अंगणात जेवणाच्या सुट्टीत जवान जमले. पंधरा-वीस असतील. मी वाचलं. मधे एका जागी माझंच अक्षर मला लागेना, पियुष बाकावरून उठून आला आणि त्यानं ती ओळ वाचून दिली. दुसऱ्या वाक्याची ओळ होती ती, तू अडवल्याची. कोणी हसलं नाही. ब्रशवरून चेष्टा करणारा तो जवानही खाली बघत होता. वाचून झाल्यावर देवीदासनं मला स्टूल दिलं. मी बसलो नाही. त्याला सांगितलं, पुढच्या दसऱ्यापासून टिळा तू लाव, मी येणार नाही. तो म्हणाला, "हव, उस्ताद." मग थोडं थांबून म्हणाला, "कुठं लावायचा ते राधिकाले विचारून लावीन." या वेळी मीही हसलो.

साहेबांनी परत आत बोलावलं आणि तुझ्यावरची चौकशी बंद केल्याचा शेरा फाइलवर लिहिला. नागपूरची यादी त्यांच्या टेबलावर होती, पाच नावं टाइप केलेली. सहावं त्यांनी माझ्यासमोर पेनानं लिहिलं आणि बाजूला सही केली. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. तुझं नाव, तुझा नंबर, काही चुकलेलं नाही. दुपारीच कागद वर गेला. माझ्याबद्दल त्यांनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पेन्शनला हात लागणार नाही एवढं बाबूनं मागून सांगितलं, ते आईला सांगितलं.

आईनं कागदाची हकीकत पियुषकडून ऐकली. संध्याकाळी चहा स्वतः आणून दिला आणि समोर बसून राहिली.

कोर्स ४ जानेवारीला सुरू होतो. तुला अंबिकापूरहून रात्रीच्या गाडीनं रायपूरला उतरून नागपूरची गाडी धरावी लागेल. मधे तीन तास मिळतात. आई स्टेशनवर येणार आहे, स्वेटर तयार आहे. मी यावं का नाही, ते तू आईला फोनवर सांग. ये म्हणालीस तर मी सामान उचलेन आणि काही विचारणार नाही. नको म्हणालीस तरी मी समजेन, घरीच राहीन. पण रात्रीच्या गाडीत खिडकीची काच लावून घे आणि बॅगेला साखळी घाल. आणि कुठं उतरायचं ते डब्यातल्या कोणावर सोडू नकोस, तू स्वतः जागी राहा. तुला ते जमतं.

बाबा